घोड्याला पंखा, स्वाराला कोट

ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात घाम यायला बंदी नाही, पण तो दिसता कामा नये. साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद अशा वाळूच्या आयतात सहाशे किलोचं जनावर जागच्या जागी दुडकतं, खेकड्यासारखं तिरकं सरकतं, धावता धावता लयीत पाय बदलतं. आणि त्याच्या पाठीवरचा माणूस मात्र असा बसलेला असतो की जणू या सगळ्याशी त्याचा काही संबंधच नाही. टाच कधी लागली, लगाम किती आवळला, पोटाचे स्नायू कुठे घट्ट केले हे बघणाऱ्याच्या लक्षात आलं, तर स्वाराचं काहीतरी चुकलं. पाच-सहा मिनिटं जिवाच्या आकांताने मेहनत करायची आणि चेहऱ्यावर तिचा मागमूस दिसू द्यायचा नाही, याचे इथे गुण मिळतात.

आता ही मेहनत ज्या कपड्यांत करायची ते पाहा. पायात गुडघ्यापर्यंत चढलेले काळे, ताठ चामडी बूट. त्यांत खोचलेली, मांडीला चिकटून बसणारी पांढरी ब्रीचेस. वर बंद गळ्याचा शर्ट. गळ्याभोवती पांढऱ्या कापडाचे वेढे आणि त्यावर आडवी पिन, म्हणजे स्टॉक टाय. मग वेस्टकोट. त्यावर पुढून कमरेशी कापलेला आणि मागून गुडघ्यापर्यंत लोंबणारा काळा नाही तर गडद निळा टेलकोट. हातात पांढरे मोजे आणि डोक्यावर हेल्मेट. हा सगळा जामानिमा करून उतरायचं ते जुलै-ऑगस्टमध्ये, कारण ऑलिम्पिक उन्हाळ्यात होतं आणि युरोप-अमेरिकेतल्या उघड्या मैदानांवरच्या बहुतेक मोठ्या स्पर्धाही तेव्हाच भरतात.

मराठी वाचकाला हे दृश्य अगदीच अनोळखी नसावं. अकोल्यात किंवा नागपुरात मे महिन्याच्या लग्नात, सूट आणि फेटा चढवून वरातीच्या घोड्यावर बसवलेला नवरदेव अशाच शांत मुद्रेने आतल्या आत शिजत असतो. फरक एवढाच की त्याच्या घोड्याने तिरकं सरकावं अशी कोणाची अपेक्षा नसते, आणि गुण द्यायला पाच पंच नसून अख्खं सासर असतं.

या पोशाखाचं मूळ थंडीत आहे, हे समजलं की सगळा घोटाळा उलगडतो. इंग्लंडमध्ये शिकारीच्या मागे घोडी दामटणारे जमीनदार पावसाळी, गारठ्याच्या हवेत बाहेर पडत. जाड लोकरी कोट ही त्यांची गरज होती. तो पुढून आखूड कापायचा, कारण खोगिरावर बसल्यावर पुढचं कापड पोटाशी गोळा होतं. मागे शेपट्या सोडायच्या म्हणजे त्या खोगिराच्या मागे दोन्ही बाजूंना नीट पडतात. त्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून टोकांत वजनंही शिवतात. गळ्यातला स्टॉक टायसुद्धा केवळ नटण्यासाठी नव्हता. रानात हात मोडला तर झोळी आणि घोड्याला जखम झाली तर पट्टी, असा त्याचा दुहेरी उपयोग होता. म्हणजे प्रत्येक वस्तूला कारण होतं. कारणं एकेक करून गेली, वस्तू राहिल्या. आजच्या स्पर्धेत घोड्याच्या पायाला लागलं तर पशुवैद्य दोन मिनिटांत हजर असतो, पण स्वाराच्या गळ्यातली पट्टी काही सुटलेली नाही.

दुसरं मूळ लष्करात. ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज १९१२ साली स्टॉकहोमला आलं आणि पुढची कितीतरी वर्षं तो लष्करी अधिकाऱ्यांचाच मामला राहिला. इथे कपड्याला किती किंमत होती ते स्वीडनला विचारावं. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या संघाने सांघिक सुवर्ण जिंकलं आणि पुढच्या वर्षी ते काढून घेण्यात आलं. गुन्हा काय, तर गेनाल पेर्सॉन हा त्यांचा स्वार खरा अधिकारी नव्हता. स्पर्धेपुरती त्याला बढती देऊन अधिकाऱ्याचा गणवेश चढवला होता. घोडा तोच, स्वार तोच, कसबही तेच. खांद्यावरचं चिन्ह तेवढं उसनं. १९५२ पासून बिगर-अधिकारी आणि स्त्रियाही आल्या, पण ‘कपड्यांशी खेळायचं नाही’ हा धडा या खेळाने तेव्हाच गिरवून घेतला असावा.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये तर अजून तपकिरी टेलकोट आणि दुटोकी टोपी असा थाट आहे. त्या कोटाच्या शेपटीत एक चोरखिसा असतो, आणि त्यात साखरेचे खडे. काम चोख झालं की स्वाराचा हात हळूच मागे जातो आणि पांढऱ्या लिपिझानर घोड्याच्या तोंडात साखर पडते. सगळ्या पोशाखात उपयोगाचा म्हणावा असा हा एकच खिसा, आणि तोही घोड्यासाठी.

ही वाटणी पुढेही अशीच चालत राहते. उन्हाळी ड्रेसाजचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर त्यात विज्ञानाने अफाट प्रगती केलेली दिसते, आणि ती जवळजवळ सगळी घोड्याच्या वाट्याला गेली आहे.

ती जायलाही हवीच होती. घोड्याचं उन्हाचं गणित माणसापेक्षा वाईट आहे. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातली साधारण एक चतुर्थांश हालचालीत जाते, बाकीची नुसती उष्णता होते. ती बाहेर टाकायची कातडीतून. सत्तर किलोच्या माणसाला त्यासाठी पावणेदोन-दोन चौरस मीटर कातडी मिळते. घोडा त्याच्या सात-आठ पट वजनाचा, पण कातडी पाचेक चौरस मीटरच. म्हणजे माणसाची एक चौरस मीटर कातडी चाळीसेक किलोचा संसार सांभाळते, तर घोड्याची शंभरावर किलोचा. मग बिचारा घाम गाळतो. कडक उन्हात जोरात काम केलं तर तासाला दहा-पंधरा लिटरसुद्धा. त्याच्या घामात लॅथरिन नावाचं एक साबणासारखं प्रथिन असतं. त्याने घाम तेलकट केसांवर पसरतो आणि लवकर वाळतो. घोड्याच्या मानेवर, लगाम घासतो तिथे, पांढरा फेस दिसतो तो या लॅथरिनचा.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्याच दुसऱ्या प्रकारातल्या घोड्यांची उन्हाने दैना झाली. पुढचं ऑलिम्पिक होतं अटलांटात, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जियात, ऐन जुलैत, दमट हवेत. युरोपातले घोडेवाले हबकले. तोवर तबेल्यांतून एक पक्की समजूत होती की तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं तर त्याचे स्नायू आखडतात. ब्रिटनमधल्या डेव्हिड मार्लिन आणि लिओ जेफकॉट यांच्यासारख्या संशोधकांनी ती समजूत मोडीत काढली. गार पाणी भरपूर ओता, घोडा चालवा, पुन्हा ओता. काही आखडत नाही, उलट जीव वाचतो. कॉनियर्स गावच्या मैदानावर १९९६ मध्ये तुषार उडवणारे भलेमोठे पंखे लागले, सावलीचे मांडव पडले, बर्फाच्या पाण्याच्या बादल्यांच्या रांगा लागल्या. पंख्यासमोर उभं राहून तुषार अंगावर घेणाऱ्या घोड्याच्या चेहऱ्यावर जे सुख दिसतं, ते टेलकोटातल्या माणसाच्या चेहऱ्यावर कधी दिसल्याचं ऐकिवात नाही.

पुढे तर लाडच लाड. २००८ मध्ये बीजिंगचं ऑलिम्पिक असताना घोडे उतरले ते दोन हजार किलोमीटर दूर हाँगकाँगला, कारण घोड्यांच्या आजारांबाबतची व्यवस्था तिथे चोख होती. ऑगस्टमधलं हाँगकाँग म्हणजे गरम पाण्यात भिजवलेला टॉवेल. तबेले वातानुकूलित होते आणि स्पर्धा दिवे लावून संध्याकाळी. टोकियो ऑलिम्पिकमध्येही तेच: बाजी कोएनच्या मैदानावर ड्रेसाज संध्याकाळी पाचला सुरू होऊन रात्री दहापर्यंत चालायचं. घोड्यांसाठी ऊन उतरायची वाट पाहिली गेली आणि त्याचा फायदा जाता जाता स्वारांनाही मिळाला.

अटलांटापासून घोडेस्वारीच्या मैदानांवर उकाडा मोजायला एक खास आकडा वापरतात. त्याचा जन्म १९५० च्या दशकातला. अमेरिकेच्या पॅरिस आयलंड इथल्या मरीन सैनिकांच्या छावणीत कवायत करता करता पोरं उष्माघाताने कोसळायला लागली, तेव्हा नुसता थर्मामीटर पुरेसा नाही हे लक्षात आलं. मग तीन थर्मामीटर लावायचे ठरलं. एक ओल्या कापडात गुंडाळलेला. त्याला सत्तर टक्के वजन. एक साधा, सावलीतला. त्याला दहा टक्के. आणि उरलेला वीस टक्क्यांचा थर्मामीटर काळ्या रंगाच्या पोकळ धातूच्या गोळ्यात बसवून भर उन्हात ठेवलेला. उन्हात उभी असलेली काळी वस्तू आतून किती तापते ते यावरून समजतं. बाजूलाच काळा कोट घालून घोड्यावर बसलेला इसम असताना वेगळा गोळा आणायची गरज का पडते, हा प्रश्न तांत्रिक समितीपुढे अजून कोणी मांडलेला दिसत नाही.

इथे एखादा अभ्यासू माणूस आठवण करून देईल की वाळवंटातले बदूसुद्धा काळेच झगे घालतात. खरं आहे. १९८० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात यावर एक शोधनिबंधच आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो, पण झगा सैल असल्यामुळे ती जास्तीची उष्णता आत फिरणारी हवा बाहेर घेऊन जाते. कातडीपर्यंत पोचणारी उष्णता दोन्ही रंगांत सारखीच. बदूंचं सगळं गणित त्या ‘सैल’वर उभं आहे. ड्रेसाजचा टेलकोट असा बेतलेला असतो की स्वाराने पोटभर नाश्ता केला तर खालचं बटण लागायला त्रास देतं. आत हवा फिरणार कुठून?

मग माणसं काय करतात? माणसं जुगाड करतात.

मोठ्या स्पर्धेच्या सरावमैदानाच्या फाटकाशी अर्धा तास उभं राहिलं तर सगळं दिसतं. आत स्वार घोडा गरम करताहेत (या उन्हात ‘गरम करणं’ हा शब्द तसा क्रूरच), पण कोट कोणाच्या अंगावर नाही. कोट फाटकाबाहेर मोतद्दाराच्या हातात आहे, हँगरवर, सावलीत. शहाण्या मोतद्दाराने तो आत्तापर्यंत गाडीत एसी लावून ठेवलेला असतो. आधीचा स्वार आत गेला की इकडची धावपळ सुरू होते. घोडा थांबतो. एक जण ओल्या फडक्याने स्वाराचे बूट पुसतो. दुसरा घोड्याच्या ओठांवरची वाळू टिपतो. स्वार हेल्मेट किंचित उचलून मानेवर बर्फाच्या पाण्यातला स्पंज दाबून घेतो, मनगटं बादलीत बुडवून काढतो. मग वरूनच हात मागे करतो आणि मोतद्दार खालून, टाचा उंचावून, त्याच्या हातांत कोटाच्या बाह्या सरकवतो. ओल्या हाताला बाही अडकते. घोडा एक पाऊल पुढे टाकतो. स्वार एका हातात लगाम आणि अर्ध्या हातात कोट अशा अवस्थेत खोगिरावर वळवळतो. आयुष्यभर सरळ बसायला शिकलेल्या माणसाला इतकं वाकडं होताना पाहायचं असेल तर हीच ती जागा. घंटा वाजल्यावर आत शिरायला पंचेचाळीस सेकंद मिळतात. तेवढ्यात बटणं लागतात, पांढरे मोजे चढतात, मुद्रा निर्विकार होते आणि मैदानाच्या कडेच्या सी अक्षरापाशी बसलेल्या पंचांना वाटतं की हा स्वार जन्मापासून असाच आहे.

कोटाखाली काय दडलं आहे हे पंचांना न कळलेलंच बरं. कोणाच्या अंगात गारव्याचं जॅकेट असतं, काही पाण्यात भिजवून घालायची, काही बर्फासारख्या गोठणाऱ्या पाकिटांची. ती वेळीच काढली नाहीत तर स्वार छातीकडून जरा जाडजूड दिसतो. घरगुती मार्ग म्हणजे फ्रीजरमधली छोटी पाकिटं अंतर्वस्त्रांत ठेवणं. ती विसरून आत गेल्याच्या कहाण्या तबेल्यांतून रंगवून सांगितल्या जातात. दुडक्या चालीवर पाकीट जागचं हलतं आणि घोड्याच्या पाठीबरोबर आणखी एक गोष्ट लयीत हलू लागते. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न तर राष्ट्रीय पातळीचा. डॉक्टर सांगतात भरपूर प्या. पण पांढरी घट्ट ब्रीचेस, उंच बूट आणि प्लॅस्टिकचं तात्पुरतं शौचालय हे तीन घटक एकत्र आले की भलाभला स्वार तहान सहन करायचं ठरवतो. त्यातल्या त्यात शहाणे किसलेल्या बर्फाचं सरबत घोट घोट घेतात. श्रमाआधी असं बर्फाळ पेय घेतलं की शरीराचं आतलं तापमान थोडं उतरतं, हे क्रीडाशास्त्राने तपासलेलं आहे. बाकीचे देवाचं नाव घेतात.

पांढऱ्या ब्रीचेसचा आणखी एक पेच असतो, त्याबद्दल सभ्य नियतकालिकात एवढंच लिहिता येईल की ओलं पांढरं कापड फारसं काही लपवत नाही. कातडीच्या रंगाची अंतर्वस्त्रं हा ड्रेसाजमधल्या अनुभवी बायका नवशिक्या मुलींना देतात तो पहिला सल्ला. टाच खाली कशी ठेवायची ते नंतर.

शिंप्यांनीही हात दिला आहे, पण तो गुपचूप. नियमपुस्तकाला टेलकोट दिसायला हवा. तो कशाचा बनवायचा यावर कोणी आग्रह धरत नाही. तेव्हा हल्लीचा टेलकोट बाहेरून शंभर वर्षांपूर्वीच्या ड्यूकचा आणि आतून धावपटूच्या बनियनचा. लोकर गेली, ताणलं जाणारं, घाम शोषून वाळवणारं, वॉशिंग मशीनमध्ये धुता येणारं कृत्रिम कापड आलं. पाठीत, काखेत, बाह्यांच्या आतल्या बाजूला जाळी. शर्ट म्हणजे पुढे कॉलर आणि छातीचा पांढरा भाग तेवढा कडक, बाकी सगळा टी-शर्टच. स्टॉक टाय आधीच बांधून शिवलेला, मागे चिकटपट्टी. आणि कोटाच्या खालून जी वेस्टकोटची पिवळसर किंवा पांढरी दोन टोकं झळकतात, त्यांच्यामागे बहुतेकदा वेस्टकोट नसतोच. कोटाच्या आतल्या कडेला चार बोटं कापड शिवून टाकलेलं असतं. बडा घर, पोकळ वासा! हौशी लोक दर वर्षी टोकांचे रंग बदलतात. न घातलेल्या कपड्याची फॅशन करणारा हा बहुधा एकमेव खेळ.

या फसवणुकीला कोणाची हरकत नाही, कारण ती माणसाच्या बाजूने आहे. घोड्याच्या बाजूने झाली तर नियम कडक. घोड्याच्या ओठांवर थोडा पांढरा फेस असणं हे तो लगाम शांतपणे चघळतोय याचं लक्षण मानतात. पंचांना ते आवडतं. तेव्हा काही चतुर मंडळींनी घोड्याच्या ओठांना मार्शमॅलोचा पांढरा गोळा फासायला सुरुवात केली. घोडा खूश, पंच खूश. शेवटी आंतरराष्ट्रीय महासंघाला नियमात लिहावं लागलं की फेसाचा आभास निर्माण करणारे खाद्यपदार्थ तोंडाला लावायचे नाहीत. ओठांवरचा फेस म्हणजे शोभा, मानेवरचा फेस म्हणजे घाम आणि ओठांवरची मिठाई म्हणजे फसवणूक, इतका बारीक विवेक या खेळात आहे.

कोटाला सुट्टी देण्याची सोयही आहे. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये ऊन मी म्हणायला लागलं की आयोजक किंवा पंच जाहीर करू शकतात की आज कोट नाही घातला तरी चालेल. ध्वनिक्षेपकावर ही घोषणा झाली की मैदानावर सुटकेचा असा उसासा उठतो की घोडे कान टवकारतात. अटी असतातच: शर्टाला कॉलर हवी, टी-शर्ट नको, हेल्मेट आणि बूट जिथल्या तिथे.

गंमत पुढे आहे. एवढी सूट मिळूनही काही जण कोट घालूनच आत जातात. वरकरणी कारण ‘पंचांचा मान’. खरं कारण आरसा. कोट हा फार दयाळू कपडा आहे. घोडा मोठी दुडकी चाल टाकतो तेव्हा स्वाराचं पोट, खांदे, कोपर सगळंच थोडंथोडं उडत असतं. काळा कोट ते पोटात घालतो. पातळ पांढरा शर्ट मात्र पंचांना सगळं सांगून टाकतो: कंबर कुठे कडक झाली, श्वास कुठे अडला, घाम कुठून कुठवर आला. म्हणजे उकाड्यात कोट काढायचा की नाही हा प्रश्न शेवटी आरोग्याचा न राहता दोन-तीन गुणांचा होतो. आणि गुणांसाठी माणूस काय सोसत नाही!

डोक्याचं प्रकरण वेगळं. कित्येक दशकं वरच्या पातळीवर उंच काळी टॉप हॅट होती. तिला एक मोठा फायदा होता, निदान पुरुषांना. आत शिरल्यावर मधोमध एक्स या खुणेपाशी थांबून पंचांना अभिवादन करताना पुरुषाने हॅट काढून हात खाली सोडायची पद्धत होती. बायकांनी नुसती मान झुकवायची. त्या तीन-चार सेकंदांत पुरुषांच्या टाळूला वारा लागायचा. ऑलिम्पिकमध्ये स्त्री-पुरुष समानता सर्वांत आधी आणणाऱ्या खेळांपैकी हा एक, दोघे एकाच स्पर्धेत उतरतात. पण वाऱ्याच्या बाबतीत पक्षपात होता. मार्च २०१० मध्ये अमेरिकेची ऑलिम्पियन कोर्टनी किंग-डाय सरावात घोड्यासकट पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ती कित्येक आठवडे बेशुद्ध होती. त्यानंतर अमेरिकेत हेल्मेटची मोहीमच सुरू झाली. २०१२ मध्ये लंडनला शार्लट डुजार्डिनने व्हॅलेग्रो या घोड्यावर हेल्मेट घालून सुवर्ण जिंकलं आणि ‘हेल्मेटने शोभा जाते’ हा मुद्दा तिथेच निकालात निघाला. तरी आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून टॉप हॅट जायला १ जानेवारी २०२१ उजाडावं लागलं. हॅट वाचवायला सह्यांच्या मोहिमा झाल्या. त्यांतल्या कोणी उकाड्याचा मुद्दा काढला असता तर निदान तो प्रामाणिक ठरला असता: हेल्मेटला हवेची छिद्रं असतात, टॉप हॅट म्हणजे डोक्यावरची चिमणी, फक्त वरून बंद.

तरीही या पोशाखाची मोहिनी ओसरत नाही. ३ ऑगस्ट २०२४ ला व्हर्सायच्या राजवाड्यामागच्या मैदानात पॅरिस ऑलिम्पिकची सांघिक अंतिम फेरी होती आणि प्रेक्षकांत रॅपर स्नूप डॉग आणि मार्था स्टुअर्ट बसले होते: दोघांच्या अंगावर काळा टेलकोट, पांढरी ब्रीचेस, उंच बूट, डोक्यावर हेल्मेट. घोडा नाही, परीक्षा नाही, गुण नाहीत, तरी ऑगस्टात स्वखुशीने एवढं अंगावर चढवायचं, याला म्हणतात हौस. जगभर त्या दिवशी ड्रेसाजची जी छायाचित्रं फिरली त्यांत यांचं छायाचित्र घोड्यांच्या पुढे होतं.

भारतातल्या स्वारांनी या प्रश्नावर एक सोपा तोडगा काढला आहे. देशातल्या स्पर्धांचा हंगाम मुख्यतः थंडीत ठेवायचा आणि ज्यांना मोठं नाव काढायचं आहे त्यांनी युरोप गाठायचा. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारताने सांघिक ड्रेसाजचं सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण तब्बल ४१ वर्षांनी, १९८२ च्या दिल्लीनंतर. त्या संघात सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुश अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा होते. चौघेही युरोपात राहून, तिथल्या घोड्यांवर घडलेले. अनुश पुढच्याच वर्षी पॅरिसला ऑलिम्पिक ड्रेसाजमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. अठ्ठावीस अंशांना जिथे उष्णतेची लाट म्हणतात अशा जर्मनीत राहून मुंबई-कोलकात्याच्या पोरांना उकाडा तो काय वाटणार, असं कोणी म्हणेल. पण मुंबईकर उकाड्यात तरतो तो सुती सदऱ्यामुळे आणि टपरीवरच्या लिंबूपाण्यामुळे. काळा कोट घालून मुंबईत कोण तरतं ते वकिलांना विचारा.

परीक्षा संपली की आधी घोडा. हा नियम कुठे छापलेला नसला तरी कोणी मोडत नाही. लगाम सैल पडतो, खोगीर उतरतं, घोड्यावर पाण्याच्या बादल्या रित्या होतात, त्याच्या गुदद्वारात थर्मामीटर जातो, आकडा वहीत लिहिला जातो. तोवर स्वार शेजारी उभा राहून घोड्याची मान थोपटत असतो, कोटाची बटणं उघडी, चेहरा टोमॅटोसारखा. त्याचं तापमान कोणी घेत नाही. मग येतो बुटांचा क्षण. दिवसभराच्या उन्हाने पाय सुजलेले, मोजे ओले, चामडं आतून चिकटलेलं. हल्ली मागे चेन असलेले बूट मिळतात, पण परंपरावादी मंडळी अजून ओढून काढायचे बूट घालतात. त्याची रीत अशी: स्वार खुर्चीवर बसतो. मोतद्दार त्याच्याकडे पाठ करून वाकतो आणि बूट दोन पायांमध्ये धरतो. स्वार आपला मोकळा पाय मोतद्दाराच्या पार्श्वभागावर टेकवून जोरात रेटा देतो. ‘फक्’ असा आवाज होतो आणि बूट घेऊन मोतद्दार चार पावलं धावत जातो. पाच मिनिटांपूर्वी ज्याच्या एकूणएक हालचालीला पंच ‘सुसंवाद’ आणि ‘हलकेपणा’ या शब्दांनी तोलत होते, तोच हा माणूस.

या सगळ्या उकाड्याची सर्वाधिक सवय असलेली व्यक्ती बहुधा जर्मनीची स्वार इझाबेल वेर्थ. बार्सिलोना, अटलांटा, सिडनी, हाँगकाँग, रिओ, टोकियो, व्हर्साय. बत्तीस वर्षांत आठ सुवर्ण आणि सहा रौप्य, सगळी टेलकोट घालून. व्हर्सायला ती पंचावन्न वर्षांची होती. पुढचं ऑलिम्पिक २०२८ च्या जुलैत लॉस एंजेलिसला आहे आणि घोडे उतरणार आहेत शहराबाहेरच्या सांता अनिता रेसकोर्सवर. जुलैत तिथलं दुपारचं ऊन सहज तिशीपार जातं. घोड्यांसाठी सावली, पंखे आणि बर्फ किती लागेल याची गणितं मांडणारी माणसं असतीलच. कोटवाले शिंपी एव्हाना जाळी आणखी बारीक विणायला बसले असतील, आणि वेस्टकोटची ती चार बोटांची टोकं तीन बोटांवर आणता येतील का, याचाही विचार चालू असेल.